ऑटोकॅडमध्ये एकसारख्या वस्तू निवडताना या चुका टाळा

ऑटोकॅड या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये एक खांब निवडायचा, राइट क्लिक करून ‘सिलेक्ट सिमिलर’ (त्यासारख्या सगळ्या वस्तू एकदम निवडणारी कमांड) म्हणायचं आणि लगेच डिलीट नाहीतर लेयर (ड्रॉइंगमधला थर) बदल. नवीन मुलं हे इतक्या घाईनं करतात की नेमकं काय निवडलं गेलं ते बघायचीही त्यांना सवड नसते. ही कमांड २०११ च्या आवृत्तीपासून आहे, मी रोज वापरतो आणि मला ती मनापासून आवडते. पण ती ‘सारखं’ कशाला म्हणते हे समजून न घेता वापरणाऱ्यांची ड्रॉइंग निस्तरून आता जीव मेटाकुटीला आलाय.

ती आधी वस्तूचा प्रकार बघते. लाइनला लाइन, पॉलीलाइनला (सलग जोडलेल्या रेघांची एकच वस्तू) पॉलीलाइन. त्यानंतर, आपण काही बदललं नसेल तर, फक्त दोन गोष्टी जुळवते: लेयर आणि नाव. नाव म्हणजे ब्लॉक (एकच वस्तू म्हणून वापरायचं तयार चित्र), एक्सरेफ (बाहेरून जोडलेलं ड्रॉइंग), इमेज यांचं. रंग, लाइनटाइप (रेघेचा प्रकार), लाइनवेट (रेघेची जाडी) यांच्याकडे ती ढुंकूनही बघत नाही. पॉलीलाइनला तर नावच नसतं, त्यामुळे एका लेयरवरच्या झाडून सगळ्या पॉलीलाइन तिच्या हिशेबात एकसारख्या.

एका ऑफिसात यावरून काय झालं ते सांगतो. मजल्याचा प्लॅन, आणि आधीच्या माणसानं खांब, जिना, डक्ट, बाहेरची हद्द सगळं लेयर शून्यवर काढून ठेवलेलं. एका ज्युनियरला खांब वेगळ्या लेयरवर न्यायचे होते. त्यानं एका कोपऱ्यात झूम केलं, एक खांब निवडला, सिलेक्ट सिमिलर केलं, लेयर बदलला, फाइल सेव्ह केली. त्याच्या स्क्रीनवर तेव्हा चारच खांब होते आणि चारही बरोबर निवडलेले दिसत होते. लेयर शून्यवरची प्रत्येक पॉलीलाइन खांबांच्या लेयरवर गेली हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. पुढे दुसऱ्या कुणीतरी फर्निचर प्लॅन काढायला खांबांचा लेयर फ्रीझ केला, म्हणजे लपवला, तेव्हा प्लॉटमधून (छापलेल्या नकाशातून) जिना आणि हद्द दोन्ही गायब. तोवर त्या फाइलवर बरंच काम होऊन गेलेलं, अनडू करून काही उपयोग नव्हता.

शेवटी फाइल माझ्याकडे आली. त्या लेयरवरचं सगळं निवडलं, क्विक सिलेक्ट (गुणधर्मावरून वस्तू निवडायची सोय) उघडलं, ‘अप्लाय टू’मध्ये ‘करंट सिलेक्शन’ ठेवलं आणि पॉलीलाइनचा ‘एरिया’ हा गुणधर्म धरला. ३०० बाय ६०० मिलिमीटरच्या खांबाचं क्षेत्रफळ १,८०,००० चौरस मिलिमीटर भरतं. त्याहून बऱ्यापैकी मोठं ते सगळं वेगळं काढलं, की जिना आणि हद्द सुटली. डक्ट मात्र खांबांएवढेच होते, ते एकेक बघून हातानं काढावे लागले. अख्खी संध्याकाळ त्यात गेली.

हे टाळायला माझी एकच सवय आहे. सिलेक्ट सिमिलर झालं की हात माउसवरून काढायचा आणि प्रॉपर्टीज पॅलेटच्या (निवडलेल्या वस्तूंचे गुणधर्म दाखवणारी खिडकी) अगदी वरची ओळ वाचायची. तिथे निवडलेल्यांचा आकडा असतो. प्लॅनमध्ये चोवीस खांब आहेत आणि आकडा ६१ दिसतोय, तर थांबा. शंका असेल तर राइट क्लिक करून ‘आयसोलेट ऑब्जेक्ट्स’ करा (निवडलेलं सोडून बाकी सगळं लपतं) आणि पूर्ण ड्रॉइंग झूम करून बघा. नको ते काही उरलं असेल तर तिथेच डोळ्यात भरतं. निवड चालू असताना शिफ्ट दाबून त्यावर क्लिक केलं की ते निवडीतून बाहेर पडतं.

सिलेक्ट सिमिलरचं सेटिंगही एकदा नीट बघा. काहीही न निवडता सिलेक्टसिमिलर टाइप करा, एंटर, मग एसई आणि एंटर. रंग, लाइनटाइप हवा तर टिक करा. हे सेटिंग तसंच टिकून राहतं, म्हणून दुसऱ्याच्या मशीनवर बसलात तर आधी तपासा.

दुसरी चूक क्विक सिलेक्टमधली, आणि ती तर जवळपास प्रत्येक नवशिक्याकडून होते. ‘कलर इक्वल्स रेड’ लावलं, पण अर्ध्या लाल रेघा निवडल्याच नाहीत, म्हणजे सॉफ्टवेअर बिघडलं अशी तक्रार घेऊन येतात. सॉफ्टवेअर ठणठणीत असतं. ज्या रेघेचा रंग ‘बायलेयर’ आहे ती लाल लेयरमुळे लाल दिसते, पण तिच्या स्वतःच्या रंगाच्या रकान्यात ‘बायलेयर’च लिहिलेलं असतं. ‘रेड’ शोधलं की फक्त हातानं लाल केलेल्या रेघा सापडतात. म्हणून रंगानं शोधण्याआधी एक रेघ निवडून प्रॉपर्टीजमध्ये तो रकाना वाचा. आणि मुळात रंग लेयरलाच द्या. हातानं रंग देणं हा शॉर्टकट पुढच्या माणसाच्या गळ्यात पडतो. जुन्या फाइलमध्ये सेटबायलेयर कमांडनं असे रंग परत लेयरवर आणता येतात, पण फाइल दुसऱ्याची असेल तर आधी विचारा. कुणीतरी त्या रंगावरून प्लॉटची जाडी ठरवलेली असू शकते.

सगळं निवडायला ‘ऑल’ टाइप करून डिलीट मारण्याआधी लक्षात ठेवा: ऑफ केलेल्या लेयरवरच्या वस्तूही त्यात येतात. फ्रीझ किंवा लॉक केलेल्या लेयरवरच्या येत नाहीत. जे सांभाळायचं आहे ते फ्रीझ करा.

डावीकडून उजवीकडे ओढलं तर चौकटीत पूर्ण आलेलंच निवडलं जातं, उजवीकडून डावीकडे ओढलं तर नुसतं स्पर्श झालेलंही. हे हाताला बसलंच पाहिजे.

नुकतीच निवडलेली मंडळी पुढच्या कमांडला पुन्हा हवी असतील तर ‘सिलेक्ट ऑब्जेक्ट्स’ विचारल्यावर पी आणि एंटर. परत शोधत बसू नका.

एक वस्तू निवडली की दहा निवडल्या जात असतील तर बहुतेक ग्रुप आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि ए एकत्र दाबून ग्रुपची निवड बंद करा.

आणि दुसरी वस्तू निवडली की पहिली सुटत असेल, तर पिकअ‍ॅड हे निवडीत भर घालायचं सेटिंग शून्य झालंय. कमांड लाइनवर पिकअ‍ॅड टाइप करून २ द्या. त्यासाठी सॉफ्टवेअर पुन्हा इन्स्टॉल करणारे लोक मी पाहिले आहेत.