फोनमधले डबे

लातूरजवळच्या औशाला आईच्या मांडणीवर पाच डबे होते. दूध, किराणा, दवाखाना, फी आणि पाहुणे. सुगीचे पैसे आले की ती जमिनीवर बसून नोटा वाटायची आणि डबे जागच्या जागी लावून ठेवायची. महिनाभर तिला हिशोब लिहावा लागत नसे. डबा उचलला आणि हलका लागला की कळायचं, आता हात आखडायचा.

मी लातुरात रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. पगार २४,००० रुपये, ७ तारखेला खात्यात येतो. मालकांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, शेती आहे, पण शेतीचा पैसा बियाणं, खत आणि सोसायटीच्या कर्जात फिरतो. घर माझ्या पगारावर चालतं. गेली तीन वर्षं घरखर्चाला मी नोट जवळजवळ वापरलेलीच नाही. भाडं, माळवं म्हणजे भाजीपाला, रिक्षा, एसटीचं अर्धं तिकीट, सगळं फोनवरून. पहिलं वर्ष मात्र वाईट गेलं. २० तारखेलाच खातं रिकामं व्हायचं आणि पैसे गेले कुठं ते सांगता यायचं नाही. खर्च वाढला नव्हता. पैसा संपताना दिसत नव्हता, एवढंच झालं होतं. म्हणून आईचे डबे मी फोनमध्ये मांडले. ते कसे, ते सांगते.

आधी एका महिन्याचं स्टेटमेंट काढा आणि कागदावर छापून घ्या. फोनवर वाचू नका, बोटानं वर सरकवलं की डोळ्यापुढून निघून जातं. मी लेकीच्या कंपासमधल्या तीन रंगीत पेन्सिली घेतल्या. न टाळता येणाऱ्या खर्चाला निळी, टाळता आला असता त्याला लाल आणि आठवतच नाही त्याला हिरवी. माझ्या त्या महिन्यात १४३ नोंदी निघाल्या आणि त्यातल्या ५१ हिरव्या. १० रुपये, २० रुपये, ३५ रुपये. नावही ओळखीचं नाही; गाड्यावर माळवं विकतात मावशी, पण स्कॅनर असतो त्यांच्या लेकाच्या नावाचा. झेरॉक्सवाल्याचा स्कॅनर त्याच्या बायकोच्या नावावर. पंधरा दिवसांनी ते नाव वाचून काय आठवणार? तेव्हापासून पैसे पाठवताना खाली नोंदीची जी जागा असते तिथं मी एक अक्षर टाकते. ‘मा’ म्हणजे माळवं, ‘पे’ म्हणजे पेट्रोल, ‘द’ म्हणजे दवाखाना. दोन सेकंद लागतात. ही सवय लागायला मला महिना गेला, पण लागली.

आता मुख्य काम. पगाराचं खातं यूपीआयच्या ॲपमधून काढून टाका. माझं सगळं म्हणणं या एका वाक्यावर उभं आहे. ज्या खात्यात २४,००० आहेत तेच खातं चहाच्या टपरीवर उघडायचं, म्हणजे पाचही डबे पिशवीत घालून लातूरच्या बाजारात, गंजगोलाईत, फिरण्यासारखं आहे. तिथं सोळा रस्ते एकत्र येतात आणि प्रत्येक रस्त्यावर घेण्यासारखं काहीतरी दिसतंच. खर्चासाठी दुसरं खातं उघडा आणि फोनला फक्त तेच जोडा. मी बेसिक बचत खातं उघडलं, त्यात किमान शिल्लक ठेवावी लागत नाही. एक नियम ध्यानात ठेवा: ज्या बँकेत बेसिक खातं असतं त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. म्हणून ते पगाराच्या बँकेत न उघडता दुसऱ्या बँकेत उघडा.

माझी वाटणी अशी आहे. भाडं ५,५००, किराणा ४,५००, दूध १,८००, लाईट बिल, गॅस आणि रिचार्ज मिळून २,२००. हे १४,००० पगाराच्या खात्यातून बँकेच्या ॲपवरूनच जातात, ७ आणि ८ तारखेला. किराणा मी गल्लीतल्या दुकानातून वहीवर आणते आणि महिन्याला एकदाच फेडते. लोक म्हणतात, उधारीची वही बंद करा. मला ते पटत नाही. दुकानदार तारखेनं लिहितो, तेल किती किलो, साखर किती, मला आयता हिशोब मिळतो. अट एवढीच की आकडा ४,५०० च्या पुढं गेला तर पुढच्या महिन्यात तेवढं कमी आणायचं.

याशिवाय ३,००० बाजूला जातात, ते कशासाठी ते पुढं सांगते. उरले ७,०००. ते मी आठवड्याला १,४०० असे, दर सोमवारी सकाळी जेवणाचा डबा भरायच्या आधी, खर्चाच्या खात्यात टाकते. ज्या महिन्यात पाच सोमवार येतात त्यात बरोबर पुरतात. चार आले तर १,४०० पगाराच्या खात्यातच राहतात, ते दवाखान्याचे. सोमवारच का? आधी मी शनिवारी टाकायचे. रविवारी पाहुणे, मटण, लेकरांची फिरती, आणि सोमवारी खात्यात ३०० रुपये. सोमवारी टाकलं की रविवार आठवड्याच्या शेवटी येतो, त्याच्यासाठी राखून ठेवावंच लागतं.

१,४०० मधले ४०० रुपये मी यूपीआय लाईटमध्ये भरते. हा फोनमधला छोटा बटवा आहे. भरताना पिन लागतो, खर्चताना लागत नाही. एका वेळी १,००० पर्यंतच देता येतात आणि बटव्यात ५,००० च्या वर राहत नाहीत. याचा खरा फायदा वेगळा आहे. यातून दिलेले १०-२० रुपये बँकेच्या पासबुकात एकेक करून उतरत नाहीत, बटवा भरल्याची एकच ओळ दिसते. माझ्या १४३ नोंदी आता चाळीसच्या आसपास आल्या, त्यामुळं पासबुक वाचता येतं. चहा, रिक्षा, कोथिंबीर, लेकराची पेन, सगळं या ४०० मध्ये. संपले की सोमवारपर्यंत चालत जायचं. मात्र बटवा आपोआप भरण्याची सोय ॲप सुचवतं, ती चालू करू नका. तळ नसलेला डबा कशाला हवा? आणि पिन लागत नसल्यानं फोनला लॉक ठेवा, फोन बदलण्याआधी लाईट बंद करून पैसे खात्यात परत घ्या.

आता ते ३,०००. वर्षातून एकदाच येणारे खर्च घर बुडवतात, आणि ते कधी येणार हे आपल्याला पक्कं माहीत असतं. जूनमध्ये दोघांची फी आणि वह्या-पुस्तकं १८,०००, दिवाळी ८,०००, विम्याचा हप्ता ६,०००, स्कूटीचा विमा आणि सर्व्हिसिंग २,८००, येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात नेण्याचं सामान आणि पाहुणे १,२००. एकूण ३६,०००, भागिले बारा. पहिल्या वर्षी मी सगळ्याची एकच आवर्ती ठेव केली आणि दिवाळीत ती मोडावी लागली, व्याज गेलं. आता फीपुरती १,५०० ची ठेव मे महिन्यात सुरू करते, ती पुढच्या मे महिन्यात, शाळा उघडायच्या आत हातात येते. बाकीचे १,५०० पोस्टाच्या बचत खात्यात, म्हणजे दिवाळीला मोडायचं काही कारण नाही.

पैसे अडकले तर घाबरून दुसऱ्यांदा पाठवू नका. मी ती चूक केली आहे. लेकाला ताप होता, मेडिकलवर ६४० रुपये दिले, माझ्या खात्यातून कटले, दुकानातला स्पीकर बोललाच नाही. दुकानदार म्हणाला, आले नाहीत, आणि मी परत ६४० मारले. आठवड्याचं गणित तिथंच कोसळलं. अशा वेळी आधी व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक बघा, त्याचा फोटो ठेवा आणि ॲपमध्ये त्या व्यवहारावरच तक्रार टाका. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं दुकानाचा असा व्यवहार पाच दिवसांत आणि माणसाला पाठवलेला एका दिवसात आपोआप उलटला पाहिजे. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेनं द्यायची असते. ती मागा, तुमचा हक्क आहे.

महिन्यातून एकदा ॲपमधला ऑटोपे, म्हणजे आपोआप कटणारे हप्ते, बघा. मला तिथं एका गाण्यांच्या ॲपचा हप्ता सापडला, लेकानं फुकट म्हणून सुरू केलेला. आणि घरातल्या सगळ्यांना, सासूबाईंनासुद्धा, हे पाठ करून घ्या: पैसे घ्यायला पिन लागत नाही. कुणी फोन करून पिन टाका म्हणालं तर फोन ठेवायचा. फसवणुकीत गेलेच पैसे तर लगेच सायबर तक्रारीच्या १९३० ला फोन करायचा, सकाळची वाट बघायची नाही.

आईकडं अजून साधा फोन आहे. तिच्यासाठी *९९# आहे, हा नंबर लावून पैसे पाठवता येतात, त्याला इंटरनेट लागत नाही. शिकवायला दोन रविवार गेले. ती म्हणाली, “बटणं दाबून पैसा जातंय, पण आवाज कायच येत न्हाई बाई.” मी तिला एक वही दिली, पाठवलं की लगेच लिहायचं.

वही माझीही आहे. शनिवारी रात्री भांडी झाली की चार ओळी लिहिते: लाईटमध्ये किती, खात्यात किती, लाल खर्च कोणता, पुढच्या आठवड्यात काय यायचं आहे. गेल्या शनिवारी लाईटमध्ये ३७ रुपये होते आणि खात्यात २६०. पेट्रोलचे १०० ठेवले, रविवारी मटणाऐवजी अंडी आणली.