वादळात बंदरात नौका बांधताना या चुका टाळा

नौका बंदरात आणली म्हणजे वाचली, असं होत नाही. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं तेव्हा वारा ताशी 110 ते 120 किलोमीटरचा होता. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. त्यामुळे रोजची बांधणी तेव्हा पुरत नाही.

सगळ्यात घातक सवय म्हणजे दोर ताणून बांधणं. भरतीवर वादळाचं पाणी चढलं की नौका वर उचलली जाते. दोर आखूड असेल तर तो तुटतो, नाहीतर खुंटच उपटून येतो. म्हणून दोर लांब सोडा. नाळेवरून म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकावरून, मागून आणि तिरके असे वेगवेगळ्या खुंटांना न्या, सगळे एकाच खुंटावर नकोत.

तुटलेला दोर नीट बघा. बहुतेकदा तो मधोमध तुटत नाही, जेटीच्या काँक्रीटच्या कडेला घासून तुटतो. नौका हलते तसा नायलॉन ताणतो, आखडतो, आणि त्याच चार बोटं जागेवर करवत चालल्यासारखे धागे उसवत जातात. तिथे जुन्या होजपाइपचा तुकडा चढवा आणि सुतळीने दोरालाच आवळून टाका. नुसत्या गुंडाळलेल्या चिंध्या भिजल्या की सरकतात.

नांगराचा दोर मोजताना आजची खोली धरू नका. पाणी 5 मीटर, नाळेची उंची 1 मीटर आणि चढणारं पाणी 2 मीटर, म्हणजे 8 मीटर झाले. याच्या सातपट म्हणजे 56 मीटर सोडा. आखूड दोर नांगराला वर खेचतो, मग नांगर तळ धरत नाही.

नौका एकमेकींना खेटून बांधल्या तर टायर लावूनही फळ्या फुटतात. लहान होडी सरळ किनाऱ्यावर ओढून घ्या.

नांगर सरकतोय का, हे नौकेवरून उतरण्याआधी किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून बघा. रेषा मोडली तर आणखी दोर सोडा. ताणलेल्या दोराच्या रेषेत कुणी उभं राहू नये, तुटलेला नायलॉन हाड मोडतो.

वारा अचानक पडला तर वादळ संपलं समजून दोर आवरायला जाऊ नका. वादळाचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग, वरून जात असेल तर थोड्याच वेळात वारा उलट दिशेने सुटतो.

आणि राखणीला खलाशी ठेवू नका. तौक्ते वादळात, 17 मे 2021 ला, मुंबईजवळच्या समुद्रात पी-305 या बार्जचे (सपाट तळाच्या मोठ्या नौकेचे) नांगर सुटले तेव्हा तिच्यावर 261 माणसं होती. बंदरातही वारा वाढायच्या आधी सगळ्यांना उतरवा.