संमेलनात ब्लॉगलेखकांना भेटताना
एरवी केवळ लेखनातून ओळख असलेली मंडळी नाशिकच्या संमेलनात प्रथमच भेटणार असतील, तर ‘तिथे भेटूच’ एवढ्यावर विसंबू नये. दोन सत्रांमधला वेळ चहाच्या रांगेत आणि नमस्कार-चमत्कारांतच सरतो. त्याऐवजी आदल्या संध्याकाळी गंगापूर रोडवरील कुसुमाग्रज स्मारकासारख्या, रिक्षावाल्यांनाही ठाऊक असलेल्या ठिकाणी जमावे; रेल्वेने येणाऱ्यांना मात्र नाशिकरोड स्थानक मध्यवर्ती शहरापासून सुमारे ९ किलोमीटर दूर असल्याचे आधीच कळवावे. छातीवरील बिल्ल्यावर खऱ्या नावाखाली टोपणनाव ठळक लिहावे, कारण वाचक ओळखतात ते त्यालाच. टोपणनावाने लिहिणाऱ्यांची छायाचित्रे मात्र त्यांच्या स्पष्ट परवानगीशिवाय, अगदी समूहचित्रातही, कोठेही प्रसिद्ध करू नयेत.