भाड्याने द्यायला तीन-चार कुटुंबांचं घर, कमी बजेटमध्ये

नकाशा काढायच्या आधी प्लॉटवर किती युनिट, किती मजले, किती पार्किंग चालतं ते नियमात बघून घ्या, नाहीतर आर्किटेक्टचे पैसे वाया जातात. माती परीक्षण पण कराच, पाया त्यावर ठरतो.

खरी बचत प्लॅनमध्येच आहे. घर सरळ चौकोनी ठेवा, जितके कोपरे जास्त तितकं शटरिंग (काँक्रीट ओतायचा साचा), प्लास्टर आणि गळतीच्या जागा जास्त. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे किचन-बाथरूम पाठीला पाठ लावून घ्या, वरच्या मजल्याचं बरोबर खालच्याच्या डोक्यावर, म्हणजे एकाच डक्टमधून (पाईपसाठी सोडलेल्या उभ्या मोकळ्या जागेतून) सगळे पाईप जातात आणि पुढे लीकेज झालं तरी कोणाच्या बेडरूमची भिंत फोडावी लागत नाही.

वीज-पाण्याचे मीटर सुरुवातीलाच वेगळे घ्या.

पैसे वाचवायला स्टील, वॉटरप्रूफिंग आणि क्युरिंगला हात लावू नका हां, क्युरिंग म्हणजे स्लॅबवर सिमेंटच्या प्रकाराप्रमाणे निदान 7 ते 10 दिवस पाणी पाहिजेच. टाइल्स साध्या चालतील. दोन युनिटमधली भिंत मात्र जाड घ्या, शेजारचा आवाज सतत आला की चांगला भाडेकरू टिकत नाही. आणि एकूण खर्चाशिवाय त्याच्या 10-15 टक्के जादा रक्कम अडीअडचणीसाठी बाजूला असेल तरच काम सुरू करा.