गेममधून पश्चिम आफ्रिकेचा इतिहास शिकवताय? या चुका टाळा

मे महिन्याच्या सुट्टीत मी पाचवी ते सातवीच्या मुलांना कॉम्प्युटर गेममधून पश्चिम आफ्रिकेचा इतिहास शिकवते. पहिल्या वर्षी आठवडाभर खेळून झाल्यावर एका मुलाला विचारलं, "माली साम्राज्य एवढं श्रीमंत कशामुळे झालं?" तो म्हणाला, "सोन्याच्या खाणीवर जास्त माणसं लावली म्हणून." गेमच्या हिशेबाने बरोबरच होतं त्याचं. मुलं गोष्ट विसरतात, पण ज्या नियमाने जिंकलो तो नियम विसरत नाहीत. म्हणून गेम हातात देण्याआधी त्याचे नियम तपासा. मी ते केलं नव्हतं.

खरी गंमत खाणीपेक्षा जकातीत आहे. मालीच्या आधीच्या वागादू, म्हणजे जुन्या घाना राज्याबद्दल अल-बकरी या अरबी भूगोलकाराने अकराव्या शतकात लिहून ठेवलंय: मिठाने लादलेलं गाढव राज्यात आलं की राजा १ दिनार घेई, बाहेर गेलं की २. आम्ही स्क्रॅचमध्ये, म्हणजे ब्लॉक जोडून मुलांना गेम बनवता येणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, नेमका हाच नाका बनवला. इथे एक अडचण हमखास येते. गाढव नाक्याला टेकलं की तिजोरी एकाने वाढायला हवी, ती भराभर वाढतच जाते, कारण 'फॉरेव्हर' या सतत फिरणाऱ्या ब्लॉकच्या आत 'टचिंग' (टेकलंय का) पुन्हा पुन्हा तपासलं जातं. गाढव नाक्यापासून सुटेपर्यंत थांबायचा 'वेट अनटिल' ब्लॉक घाला, हिशेब ताळ्यावर येतो. खाण हातात नसली तरी चालेल, रस्ता हातात हवा, हे मुलांना न सांगता कळलं.

दुसरी चूक मिठाची. सोनं देऊन मीठ घेणारे लोक मुलांना वेडे वाटतात आणि आपण ते हसण्यावारी नेतो. तसं करू नका. मी मुलांच्या तळहातावर खडेमीठ ठेवते आणि तघाझा या सहारा वाळवंटातल्या मिठाच्या खाणींच्या गावाचं वर्णन सांगते. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३५२ साली तिथे पोचला, तेव्हा घरं मिठाच्या ठोकळ्यांची होती, वर उंटाच्या कातड्याचं छप्पर, आसपास झाड नाही. एका उंटावर मिठाच्या दोन लाद्या. खणणारे गुलाम होते, हेही मुलांना सांगाच. हाच माणूस त्याच्या साधारण दहा वर्षं आधी आपल्या देवगिरी-दौलताबादला येऊन गेला होता, असं सांगितलं की मुलं सरसावून बसतात.

नकाशाचा घोळ तर जवळपास प्रत्येक गेममध्ये होतो. जुनं घाना आजच्या घाना देशात नव्हतंच. ते आजच्या मॉरिटानिया आणि मालीच्या भागात होतं. गोल्ड कोस्टने १९५७ साली स्वतंत्र होताना ते नाव घेतलं. बेनिनचंही तसंच: पितळी शिल्पांचं जुनं बेनिन आजच्या नायजेरियात आहे, तर शेजारच्या दाहोमीने बेनिन हे नाव घेतलं १९७५ साली. स्क्रीनशेजारी आजचा नकाशा टांगून ठेवा.

मालीचा राजा मानसा मुसा याला 'जगातला सर्वांत श्रीमंत माणूस' म्हणून डॉलरच्या आकड्यात तोलू नका, तो आकडा कुणालाच काढता येणार नाही. १३२४ साली त्याने कैरोत इतकं सोनं वाटलं की तिथे सोन्याचा भाव पडला, आणि परतताना त्यालाच कर्ज काढावं लागलं. मुलांना हे दुसरं जास्त आवडतं. गेममध्ये कर्जाचं बटण ठेवा.

आणि मुलं नुसत्या लढायाच खेळत बसली तर? लढाया बंद करू नका. शेवटची पंधरा मिनिटं कॉम्प्युटर बंद करा आणि एका मुलाला 'जेली' करा. जेली म्हणजे आपल्याकडच्या भाटासारखा, राजांच्या वंशावळी आणि पराक्रम तोंडपाठ असलेला गायक. माली साम्राज्याचा संस्थापक सुंदियाता केईता याची कथा अशाच तोंडांतून आजवर आली. गेल्या वर्षी एरवी गप्प बसणारी एक मुलगी उभी राहिली आणि पायांवर उभं न राहता येणारा सुंदियाता पहिल्यांदा कसा उठला, ते तिने ओट्याला धरून उठून दाखवलं.