शनिवारचा सिनेमा, रविवारचा गेम. मधे लाईट, नळ आणि लेकरं

सिनेमा थांबवता येतो, ऑनलाइन सामना थांबवता येत नाही. आईबापाच्या सुट्टीचं गणित या फरकावरच बसवायचं. व्हॅलोरंट या ऑनलाइन नेमबाजीच्या गेममधला रँकचा (क्रमवारी ठरवणारा) सामना अर्ध्या-पाऊण तासाचा असतो. मधूनच उठलं की रँक घसरतो, वारंवार उठलं की काही वेळ खेळायलाच बंदी येते. त्यामुळे नळ यायच्या दिवशी, पाहुणे यायच्या वेळी किंवा लेकरं जागी असताना रँकला हात लावू नका. अशा वेळी डेथमॅच (प्रत्येकाने एकट्याने खेळायचा छोटा सामना) बरी: दहा मिनिटांत संपते आणि रँकही पणाला लागत नाही. रँक खेळायचा तो लेकरं झोपल्यावर. दुपारी लेकरांसोबत सिनेमा.

आता लाईट. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस (लाईट गेल्यावर बॅटरीवर वीज देणारा डबा) लावणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी खर्च. आधी राउटरच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट, किती अँपिअर लिहिलंय ते बघा; फायबरचा डबा वेगळा असेल तर त्याचाही आकडा त्यात धरा. यूपीएस घेताना फसगत होते ती एमएएचच्या, म्हणजे बॅटरीच्या क्षमतेच्या आकड्यात. डब्यावरचे ८८०० एमएएच आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचे असतात, बाहेर येणाऱ्या १२ व्होल्टचे नाही. म्हणजे ८.८ गुणिले ३.७, साधारण ३२ वॉट-तास. रूपांतरात जातं ते वजा केलं की हाती २७ उरतात. ८ वॉट खाणारा राउटर त्यावर सव्वातीन तास चालतो. दुकानदार दहा तास सांगत असेल तर हा गुणाकार त्याच्यासमोरच करा.

कॉम्प्युटरवर खेळत असाल तर इन्व्हर्टरवरची यूपीएस आणि नॉर्मल (काहींवर इको) अशी कळ शोधा. नॉर्मलवर असताना लाईट गेली की बॅटरीवर यायला ४० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागू शकतो. पंख्याला ते कळतही नाही, पण कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो. यूपीएसवर हा वेळ १० मिलिसेकंदांच्या आसपास येतो. मग कळ कायम यूपीएसवरच का ठेवू नये? कारण त्या मोडमध्ये व्होल्टेज साधारण १८० च्या खाली उतरलं की इन्व्हर्टर लाईट गेली असंच धरतो. शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की जिथं दिवे मंद होतात, तिथं लाईट असूनही बॅटरी उतरत राहते, आणि खरी लाईट जाते तेव्हा बॅटरीत काही उरलेलं नसतं. अशा गावात कळ नॉर्मलवर ठेवा आणि कॉम्प्युटरला एव्हीआर (कमी-जास्त व्होल्टेज सावरणारी सोय) असलेला वेगळा यूपीएस लावा. व्हीए म्हणजे यूपीएसवर लिहिलेली क्षमता, पण ६०० व्हीएचा यूपीएस जेमतेम ३६० वॉट देतो; ग्राफिक्स कार्डवाल्या मशीनला ११०० व्हीएचा बघा.

गेम अडकायला लागला की सगळे सर्व्हरला शिव्या देतात. नांदेडहून मुंबईतल्या सर्व्हरपर्यंतचं अंतर सहाशे किलोमीटरच्या आत आहे. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन फार तर सहा मिलिसेकंद. केबल वळसे घेते, मधे यंत्रं लागतात, म्हणून हा आकडा वाढतो हे खरं. पण १५० चा पिंग (संदेश जाऊन-येऊन लागणारा वेळ, मिलिसेकंदांत) नुसत्या अंतरामुळे येत नाही. आधी घर तपासा. कॉम्प्युटरवरून राउटरला पिंग करा (पत्ता बहुतेक ठिकाणी १९२.१६८.१.१). एक-दोनवर स्थिर असेल तर घरातलं वायफाय निर्दोष. पाचवरून ऐंशीवर उड्या मारत असेल तर दोष भिंतींत आहे. माळवदाच्या घरात दोन-दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंती. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय एक भिंत ओलांडतानाच दमतं, आणि २.४ वर सगळ्या गल्लीची गर्दी. यावर खरा उपाय एकच, राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत कॅट-६ची (इंटरनेटची) वायर. शंभर मीटरपर्यंत ती बिनतक्रार चालते.

राउटरचा पिंग ठीक आणि तरी गेम अडकतो? घरातल्या मोबाईलचा फोटो-बॅकअप बघा. लग्नातले दोनशे फोटो नेमके त्याच वेळी वर जात असतात आणि गेमचं पाकीट (डेटाचा छोटा तुकडा) त्यांच्यामागे रांगेत उभं राहतं. खेळाला डेटा थोडाच लागतो. रांग मात्र चालत नाही. बॅकअप आणि गेमचे अपडेट पहाटे तीनला लावून टाका.

व्हॉइस चॅटवर शिव्या असतात, म्हणून हेडफोन हवाच. गेमच्या खात्यात कार्ड किंवा यूपीआय जोडून ठेवू नका. आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम २०२५च्या कायद्याने बंद झालेत; 'जिंका' म्हणणाऱ्या लिंकच्या वाटेला जाऊ नका.

आता सिनेमाकडे, म्हणजे अंतराळातल्या सिनेमांकडे. त्यांतली दृश्यं काळीकुट्ट, आणि दुपारी खिडकीचं प्रतिबिंब नेमकं त्यावरच पडतं. खिडकीवर जाड गोधडी टांगा. टीव्हीतलं मोशन स्मूदिंग (हालचाल जास्त गुळगुळीत दाखवणारी सेटिंग) बंद करा, नाहीतर यान मालिकेतल्यासारखं सरकतं. बोलणं हळू आणि स्फोट कानठळ्या बसवणारा, असं होत असेल तर ५.१ (अनेक स्पीकरांसाठीचा आवाज) ऐवजी स्टिरिओ ऑडिओ निवडा.

निवडताना लांबी आणि वयाचा शिक्का दोन्ही बघा: यूए ७+, १३+, १६+. लहान लेकरांसोबत 'वॉल-ई' (२००८) दीड तासाच्या थोडा वर. 'इंटरस्टेलर' (२०१४) १६९ मिनिटांचा. तो दोन बैठकींतच होतो. त्याचे विज्ञान सल्लागार किप थॉर्न यांना २०१७चं नोबेल मिळालं ते लायगो या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेच्या कामासाठी, आणि तसलीच, चार-चार किलोमीटर लांब भुजांची वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ व्हायची आहे. मोठ्या लेकरांना कृष्णविवर समजावताना हे आधी सांगा, मग ती मोबाईल खाली ठेवतात.

एचडी सिनेमा तासाला ३ जीबीपर्यंत खातो, ४के ७ पर्यंत. मोबाईलच्या डेटावर असाल तर शुक्रवारी रात्रीच उतरवून ठेवा. पण काही ॲपवर डाउनलोड एकदा सुरू केला की ४८ तासांत बाद होतो. शनिवारी रात्री अर्धा पाहिलेला सिनेमा रविवारी संपवा. पुढच्या शनिवारी तो त्या फाइलमध्ये सापडणार नाही.