पिकॉमचा फोर्क (मूळ कोडवरून काढलेली वेगळी आवृत्ती) बिल्ड करताय? या चुका टाळा

पिकॉम हा एक्स11 वरचा, म्हणजे लिनक्सच्या जुन्या डिस्प्ले व्यवस्थेवरचा, कंपोझिटर: सगळ्या खिडक्या एकत्र करून पडद्यावर रंगवणारा प्रोग्राम. खिडक्यांच्या सावल्या, पारदर्शकता, ब्लर, गोल कोपरे ही सगळी त्याची कामं. आयथ्री किंवा बीएसपीडब्ल्यूएमसारखे विंडो मॅनेजर वापरणाऱ्यांच्या मशीनवर तो हमखास सापडतो. तो स्वतःच फोर्कच्या वंशातला आहे: कीथ पॅकार्ड यांचा एक्सकॉम्पएमजीआर, त्यावर डेना जॅन्सन्स यांनी केलेले बदल, त्यातून कॉम्प्टन, आणि कॉम्प्टनच्या एका फोर्कला 2019 मध्ये मिळालेलं पिकॉम हे नाव. पुढे अॅनिमेशनसाठी पिकॉमचेही फोर्क निघाले. बायनरीचं, म्हणजे तयार प्रोग्रामच्या फाइलचं, नाव मात्र यातल्या बहुतेकांकडे 'पिकॉम'च. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक अडचणींचं मूळ इथेच आहे: समोर चालू असलेला पिकॉम नक्की कुणाचा, हेच माहीत नसतं.

बिल्ड नवा, चालतोय जुनाच

मेसन हे पिकॉम बिल्ड करायचं साधन. वेगळं काही सांगितलं नाही तर ते प्रोग्राम '/यूएसआर/लोकल/बिन' मध्ये ठेवतं, तर डिस्ट्रोच्या (आपल्या लिनक्स वितरणाच्या) पॅकेजमधला '/यूएसआर/बिन' मध्ये असतो. मी एकदा सावलीच्या कोडमध्ये बदल करून चार वेळा बिल्ड केला, पडद्यावर तसूभर फरक नाही. शेवटी कळलं की लॉगिनला चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये जुन्या पिकॉमचा पूर्ण पाथ लिहिलेला होता. तेव्हापासून मी आधी चालू प्रोसेसचा नंबर काढतो आणि '/प्रॉक' मध्ये त्याची 'एक्झी' लिंक कुठे जाते ते बघतो. आवृत्तीही विचारा, गिटमधून बिल्ड केलेला पिकॉम सोबत कमिटचा (नोंदवलेल्या बदलाचा) छोटा हॅश, म्हणजे ओळखक्रमांक, दाखवतो. तो हॅश आपल्या ब्रँचशी जुळला नाही तर पुढचं सगळं डीबगिंग वाया.

चाचणीसाठी इन्स्टॉल करायची गरजच नाही. बिल्डच्या फोल्डरमधूनच चालवा. फक्त आधीचा पिकॉम बंद करा, कारण एका एक्स स्क्रीनवर एकच कंपोझिटर राहू शकतो. दुसरा सुरू केला की 'दुसरा कंपोझिट मॅनेजर चालू आहे' अशा अर्थाचा संदेश देऊन तो बाहेर पडतो. एक्सएफसीई डेस्कटॉपवर आधीच चालू असलेला हा कंपोझिटर म्हणजे त्याचा विंडो मॅनेजर, खुद्द एक्सएफडब्ल्यूएम4 असतो. त्याचं कंपोझिटिंग सेटिंगमधून बंद करता येतं. ग्नोम डेस्कटॉपवर कंपोझिटर त्याच्या विंडो मॅनेजरच्या, मटरच्या, आतच असतो, तिथे पिकॉमचा नाद सोडा. वेलँड या एक्स11 च्या जागी आलेल्या नव्या व्यवस्थेवरही तेच.

मेसन अडला की

लायब्ररी असूनही 'सापडत नाही' असं आलं, तर डेबियन-उबुंटूवर बहुधा तिचं 'डेव्ह' पॅकेज (बिल्डसाठी लागणाऱ्या फाइल्सचं) राहिलेलं असतं. टर्मिनलवरची शेवटची ओळ वाचून थांबू नका. बिल्ड फोल्डरमधल्या 'मेसन-लॉग्ज' मध्ये खरं कारण असतं. डिस्ट्रोच्या जुन्या पॅकेजवरून डिपेंडन्सी (लागणाऱ्या लायब्ररी) ओढल्या तर नव्या कोडला लागणारं काही सुटू शकतं, उदाहरणार्थ लिबइपॉक्सी ही लायब्ररी. म्हणून ज्या ब्रँचवर आहात तिचंच रीडमी वाचा.

एका फोर्कवरून दुसऱ्यावर गेलात तर बिल्ड फोल्डर नवा घ्या.

आणि 'हा फोर्क फार जड आहे' असं म्हणण्याआधी बिल्डचा प्रकार बघा. मेसनमध्ये काही न सांगता केलेला बिल्ड डीबग प्रकारचा असू शकतो. रिलीज प्रकारात बिल्ड करा आणि मगच तुलना करा.

चित्र बिघडलं, दोष कुणाचा?

खिडकी हलवल्यावर मागे ठसे राहत असतील तर कॉन्फिगमधला 'यूज-डॅमेज' पर्याय बंद करून बघा. ठसे गेले, तर पडद्याचा कोणता भाग पुन्हा रंगवायचा याच्या हिशोबात चूक आहे. मग बॅकएंड, म्हणजे रंगवण्याची पद्धत, बदला: जीएलएक्सवर दोष दिसतो आणि एक्सरेंडरवर दिसत नाही, तर संशय शेडरवर (ग्राफिक्स कार्डवर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामवर) किंवा ग्राफिक्स ड्रायव्हरवर. व्हर्च्युअल मशीनमध्ये रेंडररचं नाव एलएलव्हीएमपाइप निघालं, तर सगळं काम सीपीयू करतोय; तिथल्या संथपणावरून निष्कर्ष काढू नका.

डीबगर त्याच पडद्यावरच्या टर्मिनलमधून लावू नका. ब्रेकपॉइंटवर पिकॉम थांबला की टर्मिनलची खिडकीही गोठते, कारण ती रंगवणारा तोच. दुसऱ्या मशीनवरून एसएसएच करा, किंवा कंट्रोल-ऑल्ट-एफ2 दाबून टीटीवाय वर, म्हणजे ग्राफिक्स नसलेल्या कन्सोलवर, जा. मेमरीचा घोळ वाटला तर अॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) लावून बिल्ड करा. कोडच्या कुठल्या ओळीवर मेमरीला चुकीचा हात लागला ते तो सांगतो.

बग आणि बदल योग्य दारी न्या

गिटहबवर फोर्कची 'इश्यूज' ही तक्रारी नोंदवायची जागा मुळात बंद असते. त्यामुळे लोक फोर्कमधल्या अॅनिमेशनची तक्रार मूळ प्रकल्पात टाकतात आणि तिथल्या मंडळींचा वेळ त्यांनी कधी न लिहिलेल्या कोडवर जातो. हे मला मनापासून खटकतं. आधी मूळ पिकॉम त्याच कॉन्फिगवर चालवा. दोष तिथेही दिसला तरच तिकडे लिहा, आणि 'डायग्नॉस्टिक्स' पर्यायाचा मजकूर जोडा. फोर्कच्या कॉन्फिगमधले पर्याय मूळ पिकॉमला कळतीलच असं नाही. गोल कोपरे आणि अॅनिमेशन नंतर मूळ प्रकल्पातही आले, पण अॅनिमेशन लिहायची पद्धत वेगळी आहे. असे पर्याय काढून मगच चाचणी घ्या.

बदल पाठवतानाही हाच घोळ होतो. मूळ प्रकल्पाची मुख्य ब्रँच 'नेक्स्ट' आहे. फोर्कच्या ब्रँचवर काम करून तिकडे पुल रिक्वेस्ट (बदल घेण्याची विनंती) टाकली तर तुमच्या दहा ओळींसोबत फोर्कचा अख्खा इतिहास जातो, आणि ते कुणी तपासणार नाही. मूळ रेपो गिटमध्ये वेगळा रिमोट म्हणून जोडा, त्याच्या 'नेक्स्ट' वरून कोरी ब्रँच काढा, क्लँग-फॉरमॅट (कोडची मांडणी नीट करणारं साधन) फक्त आपण बदललेल्या भागावर चालवा.

फोर्कमधली एखादी चांगली दुरुस्ती तिकडे न्यायची असेल तर कोड चिकटवू नका, गिटचं चेरी-पिक करा, म्हणजे तो कमिट जसाच्या तसा उचलून आणा. चिकटवलेल्या कोडवर तुमचं नाव लागतं. चेरी-पिकमध्ये ज्याने ती दुरुस्ती लिहिली त्याचं नाव कमिटवर राहतं.